फॅट कुणी बदललं?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री पावणेआठला फोन आला. कोल्हापूर भागातली एक दूध संस्था आहे, नाव लिहीत नाही, त्यांचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी आणि माझा एक मित्र मिळून सांभाळतो. सेक्रेटरींचा फोन म्हणजे बहुतेक वेळा प्रिंटर अडकलेला असतो, पण ह्या वेळी नमस्कार-बिमस्कार काही नाही, डायरेक्ट, "साहेब, २१७ नंबरचं फॅट कुणी बदललं ओ?"

ज्यांना डेअरी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सकाळ-संध्याकाळ माणसं दूध घालायला येतात, काट्यावर लिटर, मशिनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दोन्हीकडचे आकडे केबलने थेट कॉम्प्युटरात, दरपत्रकावरून दर निघतो, चिठ्ठी छापून हातात, आणि दर दहा दिवसांनी बिल. मशिनचा आकडा हाताने बदलायची सोय तेव्हा संस्थेत कुणालाच ठेवलेली नव्हती, हे मीच ठरवलं होतं, कारण फॅटचा पॉइंट म्हणजे पैसे आणि तिथं हात घालायची मुभा दिली की गावात भांडणं ठरलेली.

२१७ नंबर म्हणजे एक आज्जी, दोन म्हशी. आज्जींची पद्धत अशी की रोजची चिठ्ठी स्वयंपाकघरात खुंटीला अडकवलेल्या तारेत टोचून ठेवायची आणि बिल आलं की नातवाला समोर बसवून एकेक जुळवायची. १२ तारखेच्या सकाळच्या चिठ्ठीवर फॅट ७.१ आणि बिलात ६.४. आठ लिटर दुधाला फरक किती, तीसेक रुपये. सेक्रेटरी म्हणाले आम्ही फरक द्यायला तयार आहोत पण आज्जी ऐकायला तयार नाहीत, आणि फोन सरळ त्यांच्याच हातात दिला. "पैशाचं न्हाई रं लेकरा, चिठ्ठी खोटी का बिल खोटं त्ये सांग. आन बदललं कुणी त्येबी सांग."

मी म्हटलं दोन मिनिटं द्या, बघून सांगतो. त्या दोन मिनिटांचे पुढे तीन दिवस झाले.

लॅपटॉप उघडला, आमचा सगळा डेटा ज्यात असतो त्या पोस्टग्रेस डेटाबेसला कनेक्ट झालो, ती ओळ काढली. आमच्या प्रत्येक टेबलला शेवटी चार कॉलम असतात, क्रिएटेड_बाय, क्रिएटेड_ॲट, अपडेटेड_बाय, अपडेटेड_ॲट, म्हणजे नोंद कुणी-कधी केली आणि शेवटची कुणी-कधी बदलली, बहुतेक सगळेच डेव्हलपर लावतात तसे, ओडू ह्या धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रिएट_यूआयडी आणि राइट_यूआयडी असतात ते हेच. तर अपडेटेड_बाय मध्ये काय, तर "मशिन". अपडेटेड_ॲट, १२ तारीख सकाळी ६ वाजून ५२ मिनिटं. म्हणजे चिठ्ठी छापली त्याच मिनिटाला. रेकॉर्ड शपथेवर सांगत होतं की मला त्यानंतर कुणी हात लावलेला नाही, आणि आकडा मात्र ६.४.

आता मला घाम फुटला. कारण हे खरं असेल तर चिठ्ठीवर छापताना आकडा वेगळा गेला, म्हणजे आमच्या कोडमध्ये बग, म्हणजे सहाशे सभासदांची सगळी बिलं संशयात. आणि तिकडे सेक्रेटरींनी आपला निकाल लावून टाकला होता, संकलनावर बसणारा पोरगा आहे त्यानेच काहीतरी केलंय, त्याचं आणि आज्जींच्या मुलाचं बांधावरून जुनं वाकडं आहे म्हणे. "उद्यापासनं येऊ नको म्हणून सांगतो त्याला." मी म्हटलं थांबा ओ, दोन दिवस थांबा.

रोज रात्री दोनला बॅकअप होतो. १३ तारखेच्या पहाटेचा आणि १४ च्या पहाटेचा असे दोन बॅकअप लॅपटॉपवर रिस्टोर केले. १३ च्या बॅकअपमध्ये ७.१. १४ च्या बॅकअपमध्ये ६.४. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. चिठ्ठी खरी होती, आमचा प्रिंटचा कोड निर्दोष होता, पण १३ तारखेला दिवसभरात कधीतरी कुणीतरी तो आकडा बदलला होता, आणि असा बदलला होता की अपडेटेड_बाय ला पत्ता नाही. ॲपमधून गेलं असतं तर नाव पडलं असतं. म्हणजे ॲपमधून गेलेलंच नाही. सर्व्हरचे लॉग बघावेत तर पोस्टग्रेस मुळात कुठली क्वेरी चालली ते लिहीतच नाही, लॉग_स्टेटमेंट ही सेटिंग डीफॉल्टला "नन" असते आणि आम्ही ती कधी बदलली नव्हती.

मग एक गोष्ट आठवली. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक ओळीला काही लपलेले कॉलम असतात, सिलेक्ट स्टार केलं तरी दिसत नाहीत, नाव घेऊन मागावे लागतात. त्यातला एक एक्समिन, म्हणजे ही ओळ शेवटची ज्या ट्रान्झॅक्शनने (एका दमात पूर्ण होणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्याने) लिहिली तिचा नंबर. मी २१७ च्या त्या आठवड्यातल्या सगळ्या ओळींचा एक्समिन काढला. प्रत्येकाचा वेगळा, वेगळाच असणार, सकाळचं दूध वेगळं संध्याकाळचं वेगळं. फक्त दोन ओळींचा सेम होता. १२ ची सकाळ आणि १२ ची संध्याकाळ. बारा तासांच्या अंतराने आलेलं दूध एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कसं लिहिलं जाईल? कुणीतरी दोन्ही ओळी एका दमात अपडेट केल्या होत्या. (ट्रॅक_कमिट_टाइमस्टॅम्प ही सेटिंग चालू असती तर नेमकी वेळसुद्धा मिळाली असती, पण तीही डीफॉल्टला बंद. सगळं चांगलं चांगलं डीफॉल्टला बंदच का असतं कोण जाणे.)

१२ ची संध्याकाळ म्हटल्यावर डोक्यात काहीतरी हललं. त्या संध्याकाळी मशिनने २१७ ला फॅट शून्य दाखवलं होतं, नळीत हवा गेली की होतं असं, त्यांनी दुसऱ्यांदा टेस्ट केली ती ६.४ आली आणि सिस्टिममध्ये शून्यच राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी मला फोन केला होता. मी तेव्हा कुठंतरी जेवत होतो, जेवता जेवता लॅपटॉप उघडून...

पीएसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला थेट हुकूम टाइप करायचा प्रोग्रॅम, आपण टाइप केलेलं सगळं होम फोल्डरमध्ये .पीएसक्यूएल_हिस्टरी नावाच्या फाइलमध्ये साठवतं. ती उघडली. अपडेट, फॅट ६.४, जिथं कोड २१७ आणि तारीख १२. पाळी? पाळी सकाळ का संध्याकाळ ती अटच टाकलेली नाही. खाली स्क्रीनवर तेव्हा "अपडेट २" असं आलं असणार, एक ओळ बदलायची होती आणि दोन बदलल्या हे पीएसक्यूएलने तोंडावर सांगितलं असणार, आणि मी भाताचा घास घेत लॅपटॉप बंद केला असणार.

फॅट मी बदललं होतं.

सेक्रेटरींना फोन करून सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग म्हणाले, "मग त्या पोराला काय सांगू?" त्याला मीच जाऊन भेटलो, चहा पाजला, तो काही बोलला नाही फक्त हसला, त्या हसण्यात बरंच काही होतं.

असो. तर आता मुद्द्यावर येतो, डेटाबेसमध्ये कुणी काय बदललं हे नीट कसं ठेवायचं. मी पंधरा वर्षं हे काम करतोय आणि मला वाटत होतं की मला येतं.

पहिलं म्हणजे अपडेटेड_बाय हा कॉलम म्हणजे दाराशी ठेवलेली चप्पल आहे. शेवटचं कोण आत गेलं तेवढं कळतं, तेही त्याने दारातून जाताना चप्पल काढली असेल तर. आधीच्या माणसाचं नाव पुढचा पुसतो, जुना आकडा काय होता ते कुठंच नाही, आणि डिलीट केलं तर ओळीबरोबर कॉलमही गेला, म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा सगळ्यात स्वच्छ होतो. तरी तो कॉलम ठेवावा, लिस्टमध्ये पटकन दाखवायला बरा पडतो, पण पुरावा म्हणून त्याच्याकडे बघू नये.

दुसरा रस्ता ॲपमध्येच हिस्टरी ठेवायची. आमचं ॲप जॅंगोत (वेब ॲप बनवायच्या पायथनच्या सांगाड्यात) आहे, त्यात सिंपल हिस्टरी नावाचं पॅकेज मिळतं, प्रत्येक टेबलाला एक जुळं हिस्टरी टेबल तयार होतं आणि सेव्ह झालं की जुळ्यात एक कॉपी पडते, लॉगिन असलेल्या युजरचं नाव ते रिक्वेस्टमधून आपोआप उचलतं. रेल्स ह्या तशाच दुसऱ्या सांगाड्यावाल्यांकडे पेपर ट्रेल आहे, त्यात नाव ठेवायच्या कॉलमला त्यांनी व्हूडनिट असं नाव दिलंय, खुनी कोण टाइप, मला ते नाव फार आवडतं. हे सगळं दहा मिनिटांत लागतं आणि ऐंशी टक्के काम होतं. पण हे पॅकेज सेव्ह ह्या फंक्शनवर पाळत ठेवून असतं. जॅंगोत क्वेरीसेटवर, म्हणजे अनेक ओळींच्या संचावर, सरळ अपडेट मारलं की सेव्ह चालतच नाही, सिग्नल जात नाही, हिस्टरीत काही पडत नाही, आणि शंभर ओळी एकदम बदलायच्या असल्या की आपण नेमकं तेच वापरतो कारण फास्ट असतं. अपडेटेड_ॲट ला ऑटो_नाऊ (सेव्ह झालं की वेळ आपोआप टाकणारं) लावलेलं असतं ना, तेसुद्धा तेव्हा हलत नाही. आणि माझ्यासारखा जेवता जेवता पीएसक्यूएल उघडणारा माणूस तर ॲपच्या दारातून येतच नाही, तो परसातून येतो.

म्हणून तिसरा रस्ता, डेटाबेसमध्येच ट्रिगर, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड. ओळ बदलली की डेटाबेस स्वतःच जुनी ओळ आणि नवी ओळ आपल्या हातात देतो, ओल्ड आणि न्यू, दोन्ही जेसनबी (कॉलमचं नाव आणि त्यातला आकडा अशा जोड्या) करायच्या, जे कॉलम खरंच बदलले तेवढेच ठेवायचे, आणि एका ऑडिट टेबलमध्ये टाकायचे. टेबलचं नाव, ओळीचा आयडी, काय केलं (इन्सर्ट, अपडेट, डिलीट), जुनं, नवं, वेळ, कोण. परसातून या नाहीतर पुढच्या दारातून, ट्रिगर उंबऱ्यावरच बसलेला आहे. मी एका संध्याकाळी लिहून काढला, पंचवीस-तीस ओळींचा आहे, आणि खूश होऊन झोपलो. सकाळी उठून ऑडिट टेबल बघितलं तर "कोण" च्या कॉलममध्ये सगळीकडे एकच नाव. ॲपयुजर. ॲपयुजर. ॲपयुजर. खालपर्यंत.

खरी अडचण इथं आहे. काय बदललं हे डेटाबेसला पक्कं माहीत असतं पण कोणी हे माहीत नसतं, आणि कोणी हे ॲपला माहीत असतं पण काय ते नेहमी कळत नाही. डेटाबेसच्या नजरेत तुमची अख्खी संस्था, सेक्रेटरी, क्लार्क, चेअरमन, सगळे मिळून एकच माणूस असतो, कारण ॲप एकाच युजरने कनेक्ट होतं. मोठमोठ्या तयार सोयींनाही हे सुटत नाही, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ पासून चेंज डेटा कॅप्चर आहे, २०१६ पासून टेम्पोरल टेबल्स आहेत, ओळीची आधीची सगळी रूपं सुंदर मिळतात, कुठल्या तारखेला काय होतं ते विचारता येतं, पण कोणी बदललं हे त्यात नसतं, ते तुमचं तुम्ही कॉलम लावून बघा.

मग उपाय म्हणजे ॲपने प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला डेटाबेसच्या कानात नाव सांगायचं. पोस्टग्रेसमध्ये आपल्या मनाची एक सेटिंग बनवता येते, नावात मधे टिंब लागतं, सेट_कॉन्फिग ने त्यात युजरचा आयडी ठेवायचा आणि ट्रिगरमध्ये करंट_सेटिंग ने वाचायचा. एवढंच. पण ह्या एवढंच मध्ये मी दोनदा आपटलोय म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा आपटलो ते असं. मी सेट केलं ते साधं सेट केलं, लोकल नाही केलं. साधं सेट कनेक्शनला चिकटून राहतं. आणि कनेक्शन पूलमधून येतात, म्हणजे वडापच्या गाडीसारखं, एकजण उतरला की दुसरा त्याच सीटवर. सेक्रेटरींनी काहीतरी सेव्ह केलं, कनेक्शनवर त्यांचं नाव राहिलं, तेच कनेक्शन पुढं रात्रीच्या बिलाच्या जॉबला मिळालं आणि जॉबने स्वतःचं नाव सांगितलंच नाही, झालं, रात्री दोन वाजता चारशे बिलं सेक्रेटरींच्या नावावर. ते तेव्हा घोरत पडलेले. टेस्टिंगमध्येच सापडलं म्हणून बरं. नाव नसलेला लॉग एकवेळ चालेल, माणूस म्हणतो माहीत नाही बुवा, पण चुकीचं नाव असलेला लॉग म्हणजे छापील पुरावा देऊन निरपराध माणसाला अडकवायची सोय. तर सेट लोकल वापरायचं, किंवा सेट_कॉन्फिग चं तिसरं आर्ग्युमेंट ट्रू द्यायचं, ट्रान्झॅक्शन संपलं की नाव पुसलं जातं. पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसची कनेक्शनं वाटून देणारा प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर ह्याला पर्यायच नाही.

आणि पुसलं जातं म्हणजे काय होतं ते बघा, इथं दुसऱ्यांदा आपटलो. ज्या कनेक्शनवर ती सेटिंग कधीच लावलेली नाही तिथं करंट_सेटिंग एरर देतं, त्यासाठी दुसरं आर्ग्युमेंट ट्रू दिलं की नल (म्हणजे काहीच नाही) मिळतो, ठीक. पण एकदा लोकल लावून ट्रान्झॅक्शन संपलं की नंतर नल मिळत नाही, रिकामी स्ट्रिंग मिळते. मी ट्रिगरमध्ये ते सरळ इंटिजर (पूर्णांक) करत होतो. रिकाम्या स्ट्रिंगचा इंटिजर होत नाही, ट्रिगर फुटला, ट्रिगर फुटला म्हणजे अख्खं ट्रान्झॅक्शन परत फिरलं, आणि सकाळी साडेसहाला डेअरीत लाइनमध्ये किटली घेऊन उभी असलेली माणसं आणि स्क्रीनवर लाल एरर. नलइफ लावायचा, रिकामं असेल तर नल कर, एवढं साधं होतं. पण त्यातून आमच्यात एक वाद निघाला जो अजून मिटलेला नाही, की ऑडिट लिहिता आलं नाही तर मूळ काम थांबवावं का? मित्र म्हणतो थांबवू नये, दूध नासतं, डेटाबेसच्या हट्टापायी लोकांना उभं करू नको. मी म्हणतो पैशाच्या टेबलांवर थांबलंच पाहिजे, नाहीतर जो दिवस लॉग नसलेला तोच दिवस पुढं कुणीतरी शोधत येणार. सध्या तडजोड अशी की नाव मिळालं नाही तर थांबवत नाही, "अज्ञात" असं लिहितो आणि आम्हा दोघांना मेसेज जातो, पण ओळच लिहिता आली नाही तर थांबवतो.

अजून काही खाचाखोचा भराभर सांगून टाकतो. ट्रिगरचं फंक्शन सिक्युरिटी डिफायनर करावं, म्हणजे ते मालकाच्या हक्काने चालतं आणि ॲपच्या युजरला ऑडिट टेबलवर लिहायचा, पुसायचा कुठलाच हक्क द्यावा लागत नाही, पण मग फंक्शनच्या आत करंट_युजर विचारलं तर फंक्शनच्या मालकाचं नाव येतं, सेशन_युजर विचारायचं. नाऊ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झालं ती वेळ देतं, लांबलचक जॉबमध्ये सगळ्या ओळींना एकच वेळ पडते, खरी घड्याळाची वेळ हवी तर क्लॉक_टाइमस्टॅम्प. ट्रंकेट केलं, म्हणजे अख्खं टेबल एका दमात रिकामं केलं, तर ओळींचे ट्रिगर चालत नाहीत, त्याला वेगळा ट्रिगर लागतो. मायएसक्यूएलवाल्यांनी एक लक्षात ठेवा, फॉरेन की च्या कॅस्केडने ओळी डिलीट झाल्या तर तिथं ट्रिगर चालतच नाही, सभासद उडवला आणि त्याच्या मागोमाग त्याच्या नोंदी उडाल्या तर त्या नोंदींचा लॉग नाही. पासवर्डचे हॅश आणि बँक खात्याचे नंबर ऑडिटमध्ये जाऊ देऊ नका, मूळ टेबलला कुलूप आणि ऑडिटमध्ये त्याच गोष्टीची उघडी कॉपी असा प्रकार होतो. आणि शेवटचं लॉगिन कधी वगैरे कॉलम वगळा, पहिल्या आठवड्यात आमच्या ऑडिट टेबलमधला निम्म्याहून जास्त भरणा त्याचाच होता.

बरं, परसदाराचं काय? सुपरयुजर, म्हणजे डेटाबेसवर सगळे हक्क असलेला युजर, ट्रिगर बंद करू शकतो, काहीही करू शकतो, आणि सुपरयुजर म्हणजे मीच. ह्यावर पूर्ण इलाज माझ्याकडे नाही. एवढं केलं की मी आणि मित्र दोघांचे डेटाबेसवर वेगवेगळे युजर केले, आधी दोघं एकाच "पोस्टग्रेस" युजरने जायचो, आणि रोजच्या कामाला सुपरयुजर वापरायचा नाही असं ठरवलं. पीजीऑडिट हे चाललेल्या क्वेरींचा लॉग ठेवणारं एक्स्टेन्शन लावलं आणि त्याचा लॉग दुसऱ्याच मशिनवर जातो, त्या मशिनचा पासवर्ड मित्राकडे आहे, माझ्याकडे नाही. त्याच्यावर माझा विश्वास आहे, माझ्यावर त्याचा आहे का हे मी विचारलेलं नाही.

हे परसदार फक्त आमच्याकडंच आहे असं नाही हां. माझा एक मामेभाऊ सीए आहे, त्याला हे सगळं सांगितलं तर तो हसायलाच लागला. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असं अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं झालं की ज्यात प्रत्येक व्यवहाराचा ऑडिट ट्रेल राहील, प्रत्येक बदलाचा एडिट लॉग तारखेसकट राहील, आणि तो बंद करता येणार नाही. नियम २०२१ मध्ये आला होता, दोनदा पुढं ढकलला. टॅलीने त्यासाठी एडिट लॉगवालं वेगळं व्हर्जनच काढलं. आणि ऑडिटरला रिपोर्टमध्ये लिहावं लागतं की हे सगळं वर्षभर चालू होतं का. तर मामेभाऊ म्हणाला पहिल्या वर्षीचे रिपोर्ट काढून बघ, भल्याभल्या कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये हेच वाक्य आहे, ॲपमध्ये लॉग चालू होता पण डेटाबेस लेव्हलला थेट केलेल्या बदलांचा लॉग चालू नव्हता. म्हणजे माझं भात खात खात केलेलं अपडेट. दूध संस्थांना तो नियम लागू नाही, त्या सहकार कायद्याखाली येतात, पण आज्जींना नियमाची गरजही नव्हती.

आता ज्या गोष्टीने माझं डिझाइन खरं बदललं ती सांगतो. आमच्या घरी दिवाळीत वाटणीचा विषय निघाला, निघतोच, आणि काकांनी सातबाऱ्याचे जुने उतारे काढले. मी पहिल्यांदा नीट बघितले. जुनं नाव खोडलेलं नसतं, त्याला कंस केलेला असतो, वाचता येतं. शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर. तो नंबर घेऊन गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही उघडली की तिथं तारीख, कुणाचं नाव कमी झालं, कुणाचं लागलं, आणि मुख्य म्हणजे कशामुळे ते लिहिलेलं, वारस, खरेदी, वाटणी, बोजा. तलाठ्याने नोंद धरायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यायची, हरकत घ्यायला पंधरा दिवस, आणि मग मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायची. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. १९६६ च्या महसूल कायद्यात हे सगळं आहे. माझ्या पणजोबांची वारस नोंद कुणी धरली आणि कुणी मंजूर केली हे मला पाच मिनिटांत कळलं, आणि महिन्याभरापूर्वीचं आज्जींचं फॅट शोधायला तीन दिवस लागले होते. (महसूल खात्याचं कौतुक करतोय असं वाटेल, तर तसं नाही, त्याच फायलीत दुसरी एक नोंद आहे जिच्यावरून काका अजून तहसीलला हेलपाटे घालतायत.)

तर कोण आणि काय आणि कधी हे माझ्या ऑडिटमध्ये होतं, कशामुळे हेच नव्हतं. मी कारणाचा कॉलम टाकला. फॅट, लिटर किंवा दर बदलायचा असेल तर आता स्क्रीन आहे, मला फोन करायची गरज नाही, क्लार्कने दुरुस्ती टाकायची कारणासकट, सेक्रेटरींनी मंजूर करायची, तोपर्यंत जुना आकडाच चालू, आणि मंजूर झालं की सभासदाला एसएमएस. आणि सातबाऱ्यासारखं, जुना आकडा बिलावर कंसात छापतो. आधी कारण हे मोकळं ठेवलं होतं, पहिल्या महिन्यात लोकांनी काय काय लिहिलं, "चूक", "दुरुस्ती", "हो", नुसतं टिंब, एकाने "साहेबांनी सांगितलं" असं लिहिलं आणि ते साहेब कोण हे कुणालाच सांगता येईना. मग पाच कारणांची यादी केली, मशिन एरर, काटा एरर, चुकीचा कोड, दुसऱ्यांदा टेस्ट, इतर, आणि इतर निवडलं तरच लिहायला जागा, तेही कमीत कमी वीस अक्षरं. तेव्हापासून इतर जवळजवळ कुणी निवडत नाही. वीस अक्षरं टाइप करायचा कंटाळा किती कामाचा असतो बघा.

सगळ्यात जास्त त्रास मात्र ह्यातल्या कशाने दिला नाही. त्रास दिला तो मॉनिटरला चिकटवलेल्या कागदाने, ज्यावर ॲडमिन आणि खाली पासवर्ड लिहिलेला होता. चार माणसं एकच लॉगिन वापरायची, त्यात सेक्रेटरींचा पुतण्याही, जो संस्थेत नोकरीला नाहीच. मी कितीही ट्रिगर लावले तरी माझ्या लॉगमध्ये "ॲडमिन" असंच येणार. प्रत्येकाला वेगळं लॉगिन करा म्हटल्यावर क्लार्क रुसले, एवढी वर्षं काम करतोय, आता आमच्यावर नजर ठेवणार का म्हणून. मी समजावत बसलो, काही उपयोग नाही. समजावलं ते संकलनावरच्या पोरानेच. म्हणाला, "माझं वेगळं लॉगिन आसतं तर त्या दिवशी माझ्यावर आळ तरी आला असता का?" सगळे गप्प. आता प्रत्येकाला चार आकडी पिन आहे, पासवर्ड टाइप करायला तिथं वेळ नसतो, हात दुधाचे असतात, पाच मिनिटं काही केलं नाही की स्क्रीन लॉक. पुतण्याचा पिन सेक्रेटरींनी मागितला, मी दिला नाही, दोन आठवडे फोनवर बोलणं जरा कोरडं होतं.

आज्जींचा फरक पुढच्या बिलात दिला. ऑडिट टेबलमधली आयडी १ ची ओळ तीच आहे, २१७, १२ तारीख, सकाळ, जुनं ६.४, नवं ७.१, कोण मध्ये माझं नाव. कारणाचा कॉलम तेव्हा आलेला नव्हता, तो नंतर मी हाताने भरला, "पाळीची अट विसरलो". आणि हाताने भरला ह्याचीसुद्धा एक ओळ पडली, ती १८४२ नंबरला आहे.

सध्या डोकं खातंय ते वेगळंच. लाइट गेली किंवा नेट गेलं की डेअरीतला कॉम्प्युटर ऑफलाइन चालतो आणि नंतर सगळं एकदम वर पाठवतो, आणि गेल्या आठवड्यात त्याच्या मदरबोर्डचा सेल संपला, बंद होऊन चालू झाला की घड्याळ २०१० वर जातं. परवा संध्याकाळच्या ४३ नोंदी २०१० साली झाल्या आहेत, तेव्हा ही संस्थाच नव्हती. आता कॉम्प्युटरची वेळ आणि सर्व्हरला पोचल्याची वेळ असे दोन कॉलम करायचे आहेत, ट्रंकेटचा ट्रिगर अजून लावायचा राहिलाय, आणि सेल तीस रुपयांचा आहे, तो उद्या जाताना घेऊन जातो.